हुशार माणसं चुकीच्या युद्धात कशी अडकतात?

युद्धाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. सरकारात एवढी शिकलेली माणसं असतात, दिमतीला गुप्तहेर असतात, आकाशातून काढलेली छायाचित्रं असतात, मग आपण खड्ड्यात चाललोय हे त्यांना कळत कसं नाही? उत्तरंही ठरलेली असतात. नेते खोटं बोलतात, शस्त्रं विकणाऱ्यांचं फावतं, सत्तेची धुंदी चढते. प्रत्येक उत्तरात तथ्य आहे, पण एवढ्यावर भागत नाही. कारण विसाव्या शतकातल्या एका फसलेल्या युद्धाच्या मध्यभागी असा माणूस बसला होता, ज्याच्या बुद्धीबद्दल त्याच्या शत्रूंनाही शंका नव्हती.

रॉबर्ट मॅकनमारा १९६१ ते १९६८ अशी सात वर्षं अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते. जन्म १९१६ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. बर्कलीत अर्थशास्त्र शिकले, हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकले आणि पंचविशीच्या आतच तिथे शिकवू लागले. व्हिएतनामचं युद्ध त्यांच्या काळात इतकं वाढलं की लोक त्याला ‘मॅकनमारांचं युद्ध’ म्हणू लागले. १९९५ साली, वयाच्या ७९ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी पुस्तक लिहून मान्य केलं की आम्ही चुकलो. २००३ मध्ये एरॉल मॉरिस या दिग्दर्शकाने त्यांच्या मुलाखतींवर ‘द फॉग ऑफ वॉर’ हा माहितीपट केला आणि त्याला ऑस्कर मिळालं. त्या माहितीपटात अकरा धडे आहेत. ते सगळे इथे घेत नाही. त्यांच्या आयुष्यातले सहा प्रसंग घेऊ, कारण पुढचा प्रसंग आधीच्याशिवाय समजत नाही.

१. खरगपूरचं इंधन

सुरुवात आपल्याकडूनच करायला हवी. १९४४ साली अमेरिकेला जपानवर बॉम्ब टाकायचे होते, पण जपानपर्यंत जाऊन परत येता येईल असा जवळचा तळ हाताशी नव्हता. म्हणून बी-२९ ही नवी अजस्र विमानं बंगालमध्ये खरगपूरच्या परिसरातल्या धावपट्ट्यांवर आणली गेली. बेत असा होता : भारतातून इंधन भरून निघायचं, हिमालय ओलांडून चीनमध्ये चेंगडूजवळ उतरायचं, तिथे इंधन उतरवून रिकामं परत यायचं. अशा खेपा करून पुरेसा साठा झाला की चेंगडूहून जपानच्या यावाता इथल्या पोलाद कारखान्यांवर हल्ला करायचा.

तरुण मॅकनमारा तेव्हा हवाई दलाच्या संख्याशास्त्र विभागात होते. किती विमानं निघाली, किती पोचली, किती इंधन लागलं, लक्ष्याचं किती नुकसान झालं, हे मोजणं त्यांचं काम. त्यांनी पुढे सांगितलेली गोष्ट चक्रावून टाकणारी आहे. काही विमानांकडे चेंगडूला पोचेपर्यंत परतीपुरतंही इंधन उरत नसे. साठा वाढवायला गेलेलं विमान साठ्यातूनच इंधन घेऊन परत येई. कागदावर खेप झाली, प्रत्यक्षात साठा घटला.

इथे पहिली कल्पना समजून घ्यायची. एखादं काम किती झालं आणि त्या कामाचा उपयोग किती झाला, या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. किती खेपा झाल्या हे पहिलं मोजमाप. चेंगडूला दर खेपेमागे किती इंधन वाढलं हे दुसरं. मॅकनमारांची पिढी दुसरं मोजमाप करायला शिकली आणि युद्धात त्याचा मोठा फायदा झाला. मोजणारी माणसं नसती तर हा प्रकार आणखी कितीतरी काळ शौर्य म्हणून खपला असता.

पण पुढची पायरी अवघड आहे. १९४५ मध्ये बी-२९ विमानं प्रशांत महासागरातल्या मारियाना बेटांवरून उडू लागली. त्यांचे सेनापती जनरल कर्टिस लमे यांनी उंचीवरून बॉम्ब टाकणं सोडलं, विमानं रात्री खाली आणली आणि लाकडी घरांच्या वस्तीवर आग लावणारे बॉम्ब टाकले. ९ मार्चच्या त्या एका रात्रीत टोकियोत सुमारे एक लाख माणसं जळून मेली. विमानामागे होणारं नुकसान हे माप लावलं तर मोहीम यशस्वी होती. या निर्णयात आपला वाटा नेमका किती, हे मॅकनमारांनी कधी नीट सांगितलं नाही; ज्या यंत्रणेतून ही शिफारस आली तिचा आपण भाग होतो, एवढं मात्र कबूल केलं. आपण युद्ध हरलो असतो तर आपल्यावर युद्धगुन्हेगार म्हणून खटला चालला असता, असं लमेच म्हणाले होते आणि ते खरं होतं, हेही त्यांनी सांगितलं. कार्यक्षमतेचं गणित काम कसं करावं हे सांगतं. ते काम करावं का, हा प्रश्न त्या गणितात कुठेच नसतो. तो कुणीतरी बाहेरून विचारावा लागतो. त्या रात्रीपुरता तो कुणी विचारला नाही.

युद्धानंतर हवाई दलातल्या अशा दहा तरुणांना फोर्ड मोटार कंपनीने एकगठ्ठा नोकरीवर घेतलं. तिथे मॅकनमारांनी अपघातांचा अभ्यास करवून घेतला आणि १९५६ च्या मोटारींत सुरक्षापट्ट्यांची सोय करून दिली. १९६० च्या नोव्हेंबरात ते कंपनीचे अध्यक्ष झाले, फोर्ड घराण्याबाहेरचे अनेक दशकांतले पहिले. पाच आठवड्यांत नवनिर्वाचित अध्यक्ष केनेडी यांचं बोलावणं आलं.

२. दोन पत्रं आणि एक राजदूत

ऑक्टोबर १९६२. मराठी वाचकांना हा महिना वेगळ्या कारणाने आठवतो. २० तारखेला चीनने लडाख आणि नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) या दोन्ही आघाड्यांवर हल्ला केला आणि महिन्याभरात यशवंतराव चव्हाणांना मुंबई सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून जावं लागलं. त्याच दिवसांत जगाच्या दुसऱ्या टोकाला अणुयुद्ध हाताच्या अंतरावर येऊन ठेपलं होतं. सोव्हिएत रशियाने क्यूबात अण्वस्त्रं वाहून नेणारी क्षेपणास्त्रं आणल्याचं अमेरिकी टेहळणी विमानाच्या छायाचित्रांत दिसलं होतं. क्यूबापासून फ्लोरिडाचा किनारा जेमतेम दीडशे किलोमीटर.

केनेडींपुढे मुख्यतः दोन वाटा होत्या. क्षेपणास्त्रांवर हवाई हल्ला करून मागोमाग सैन्य उतरवायचं, हा सेनाधिकाऱ्यांचा आग्रह. दुसरी वाट समुद्रात नाकेबंदी करून रशियाला विचार करायला वेळ द्यायची. मॅकनमारा दुसऱ्या बाजूचे होते. हल्ला एकदा केला की परत घेता येत नाही. नाकेबंदीनंतर हल्ल्याची वाट मोकळीच राहते. केनेडींनी नाकेबंदी निवडली.

आता ते दोन दिवस जवळून पाहू. २६ ऑक्टोबरला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचं लांबलचक पत्र आलं. स्वर माणसासारखा, अस्वस्थ. अमेरिकेने क्यूबावर चढाई न करण्याचं वचन द्यावं, म्हणजे शस्त्रं ठेवण्याचं कारणच उरणार नाही, असा आशय. २७ ला दुसरं आलं. ते कोरडं होतं आणि त्यात नवी अट होती : तुर्कस्तानातली तुमची क्षेपणास्त्रंही काढा. त्याच दिवशी क्यूबावर अमेरिकेचं टेहळणी विमान पाडलं गेलं आणि वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन ठार झाले. बैठकीत बसलेल्या बहुतेकांना वाटलं की मॉस्कोत कडव्या मंडळींनी ताबा घेतलाय, आता बोलण्यात अर्थ नाही.

त्या खोलीत लुएलिन थॉम्प्सन नावाचे मुत्सद्दी होते. मॉस्कोत अमेरिकेचे राजदूत म्हणून काम केलेले, ख्रुश्चेव्ह कुटुंबाशी घरोबा असलेले. केनेडी म्हणाले, वाटाघाटींनी ती क्षेपणास्त्रं निघतील असं वाटत नाही. थॉम्प्सन यांनी राष्ट्राध्यक्षांना तोंडावर सांगितलं की मला तसं वाटत नाही. त्यांचं म्हणणं असं : ख्रुश्चेव्ह अडकलेत. मी क्यूबाला वाचवलं, असं आपल्या लोकांना सांगता आलं तर ते माघार घेतील. तेव्हा पहिल्या पत्राला उत्तर द्या. केनेडींनी तसंच केलं. तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं काही महिन्यांत निघतील, हेही त्यांच्या भावाने सोव्हिएत राजदूताला गुपचूप सांगितलं. २८ तारखेला पेच सुटला.

दुसरी कल्पना ही. शत्रूच्या जागी उभं राहून पाहणं म्हणजे शत्रूबद्दल माया वाटणं नाही. त्याला कशाची भीती आहे, घरच्यांसमोर त्याला काय दाखवायचंय, कोणती वाट त्याला अपमान न वाटता घेता येईल, हे ओळखणं. ते पुस्तकी विद्वत्तेने येत नाही. त्या माणसाच्या घरी जेवलेला कुणीतरी लागतो, आणि त्याला बैठकीत बोलता यावं लागतं.

या यशावर मॅकनमारा बराच काळ खूश होते. मग जानेवारी १९९२ मध्ये ते हवानातल्या एका परिषदेला गेले. तिथे कळलं की त्या दिवसांत क्यूबात १६२ अणुस्फोटकं आधीच पोचली होती. त्यातली ९० चढाई करणाऱ्या सैन्यावर वापरण्यासाठीची होती. क्यूबाचे नेते कॅस्ट्रो समोरच बसले होते. मॅकनमारांनी त्यांना विचारलं की अमेरिकेने हल्ला केला असता तर ही स्फोटकं वापरा, असं तुम्ही रशियाला सांगितलं असतं का? कॅस्ट्रो म्हणाले, सांगितलंच होतं. क्यूबाचं काय झालं असतं, याचीही त्यांना कल्पना होती : संपूर्ण नाश. तीस वर्षांनी मॅकनमारांना उमगलं की ज्याला ते शहाणपणाने हाताळलेलं संकट समजत होते, त्यात नशिबाचा हिस्सा फार मोठा होता. बैठकीतले सगळे शहाणे होते. तरीही निर्णय हल्ल्याच्या बाजूने झाला असता तर काय झालं असतं, हा विचार आजही अंगावर येतो.

३. ४ ऑगस्टची रात्र

क्यूबाच्या वेळी थॉम्प्सन होते. व्हिएतनामच्या वेळी त्यांच्यासारखं कुणी नव्हतं.

थोडी पार्श्वभूमी. व्हिएतनाम ही फ्रान्सची वसाहत. १९५४ मध्ये दिएन बिएन फूला फ्रेंच हरले आणि जिनिव्हाच्या करारात देशाचे तात्पुरते दोन भाग झाले : उत्तरेत हो ची मिन्ह यांचं साम्यवादी सरकार, दक्षिणेत अमेरिकेच्या पाठिंब्याचं. दक्षिण पडली तर शेजारचे देश एकामागून एक साम्यवादाकडे जातील, अशी वॉशिंग्टनची खात्री होती. १९६३ अखेर दक्षिणेत सुमारे १६ हजार अमेरिकी ‘सल्लागार’ होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात केनेडींची हत्या झाली आणि लिंडन जॉन्सन अध्यक्ष झाले. मॅकनमारा संरक्षणमंत्रीच राहिले. मे १९६४ मध्ये यशवंतराव चव्हाण शस्त्रमदतीच्या बोलण्यांसाठी वॉशिंग्टनला गेले तेव्हा टेबलापलीकडे हेच मॅकनमारा होते. नेहरू गेल्याची बातमी चव्हाणांना त्याच दौऱ्यात कळली.

२ ऑगस्ट १९६४ ला टोंकिनच्या आखातात उत्तर व्हिएतनामी बोटींनी ‘मॅडॉक्स’ या अमेरिकी युद्धनौकेवर हल्ला केला. हे खरंच घडलं. ४ ऑगस्टच्या रात्री मॅडॉक्स आणि तिच्या सोबतची ‘टर्नर जॉय’ पुन्हा त्याच पाण्यात होत्या. काळोख, वादळी हवा. पाण्यातले आवाज ऐकणाऱ्या यंत्रावरचे खलाशी एकामागून एक पाणतीर येत असल्याचं सांगू लागले. नौका वेड्यावाकड्या वळल्या, काळोखात तोफा चालल्या. वर विमानातून घिरट्या घालणाऱ्या वैमानिकाला मात्र एकही बोट दिसली नाही.

काही तासांत तिथले प्रमुख कॅप्टन हेरिक यांनीच कळवलं की पाणतिरांच्या बऱ्याच बातम्या शंकास्पद वाटतात. हवामानामुळे यंत्रं फसली असावीत, खलाशी अति उत्साहात असावेत. पुढची कारवाई करण्याआधी सगळं तपासा. नौका जोरात वळली की तिच्याच पाण्याचा आवाज यंत्रात पाणतिरासारखा येतो, हे नंतर लक्षात आलं. पण वॉशिंग्टनमध्ये प्रत्युत्तराची तयारी झाली होती, निवडणूक तीन महिन्यांवर होती, आणि पहिला हल्ला खरा असल्याने दुसरा अशक्य वाटत नव्हता. त्याच रात्री जॉन्सन दूरचित्रवाणीवर आले आणि विमानं उत्तर व्हिएतनामवर गेली. ७ ऑगस्टला संसदेने अध्यक्षांना युद्धाचे जवळजवळ मोकळे अधिकार दिले. सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २, प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य.

यात खोटेपणाही होता आणि तो झाकून चालणार नाही. त्या आठवड्यात दक्षिण व्हिएतनामचे कमांडो अमेरिकेच्या गुप्त मदतीने उत्तरेच्या किनाऱ्यावर छापे घालत होते. त्यांच्याशी आपल्या नौदलाचा काही संबंध नाही, असं मॅकनमारांनी सिनेटच्या समितीला सांगितलं. ते खरं नव्हतं. उत्तरेच्या बाजूने पाहणाऱ्याला छापे आणि युद्धनौका ही एकच कारवाई दिसणार, हे सिनेटरांना कळू दिलं गेलं नाही.

पण खोटं बाजूला ठेवलं तरी उरतं ते जास्त शिकवणारं आहे. माणसाला जे दिसण्याची अपेक्षा असते ते दिसतं. खलाशांना पाणतीर ऐकू आले कारण दोन दिवसांपूर्वी ते खरंच आले होते. मंत्र्यांना पुरावा पुरेसा वाटला कारण निर्णय मनात झाला होता. अशा वेळी शंका घेणाऱ्याचा संदेश टेबलावर असूनही वाचला जात नाही. १९९५ च्या नोव्हेंबरात हनोईला गेल्यावर मॅकनमारांनी उत्तरेचे सेनापती जनरल ज्याप यांनाच विचारलं की ४ ऑगस्टला काय झालं होतं. ज्याप म्हणाले, काहीच नाही.

४. उपसा आणि झरा

मार्च १९६५ मध्ये उत्तरेवर बॉम्बवर्षाव सुरू झाला आणि दा नांगला ३,५०० अमेरिकी मरीन सैनिक उतरले. वर्षअखेर अमेरिकी सैन्य १ लाख ८४ हजारांवर गेलं, १९६७ अखेर ४ लाख ८५ हजारांवर. आता प्रश्न आला : आपण जिंकतोय की हरतोय, हे ओळखायचं कसं? आधीच्या युद्धांत आघाडी असे, नकाशावर रेघ पुढे सरके. इथे रेघच नव्हती. शत्रू रात्री गावात, दिवसा रानात.

मग मोजायला सापडलं ते मेलेल्यांचं डोकं. रोज संध्याकाळी तुकड्या ‘शत्रूचे मृत’ कळवत, आकडा वर चढत दक्षिणेची राजधानी सायगावला जाई, तिथून वॉशिंग्टनला. त्यामागचा विचार आपल्याकडच्या शेतकऱ्याला चटकन कळेल. विहिरीतून पंपाने होणारा उपसा झऱ्यापेक्षा जास्त झाला की विहीर कोरडी पडणारच. शत्रूचे सैनिक जितक्या वेगाने मरतील तो उपसा. उत्तरेतून आणि दक्षिणेतल्या गावांतून जितके नवे भरती होतील तो झरा. उपसा झऱ्याच्या पुढे गेला की युद्ध जिंकलं. फक्त त्या दिवसापर्यंत नेटाने पंप चालवायचा.

कागदावर करून पाहू. आकडे समजुतीपुरते घेतले आहेत. एका प्रदेशात शत्रूचे १०,००० सैनिक आहेत. दरमहा ८०० मारल्याचा अहवाल येतो, ६०० नवे येतात. महिन्याला २०० ची घट. म्हणजे ५० महिन्यांत शत्रू संपला.

आता त्या ८०० कडे नीट पाहा. तुकडीच्या प्रमुखाला बढती हवी आणि त्याचं काम याच आकड्याने जोखलं जातं. चकमकीनंतर भाताच्या खाचरात पडलेला मृतदेह सैनिकाचा की शेतकऱ्याचा, हे ठरवणारा तोच. मेलेल्या व्हिएतनामी माणसाला शत्रू म्हणून धरणं सगळ्यांच्या सोयीचं. समजा त्या ८०० पैकी ३०० गावकरी होते, किंवा नुसतेच कागदावर होते. मग खरे मेले ५०० आणि आले ६००. दरमहा १०० ची वाढ. ५० महिन्यांनी कागदावर शून्य, रानात १५,०००. आणि त्या ३०० गावकऱ्यांचे भाऊ, मुलगे कुठे भरती झाले असतील, हे सांगायची गरज नाही. व्हिएतनाममध्ये काम केलेल्या अमेरिकी जनरलांनाच पुढे हा प्रश्न विचारण्यात आला, तेव्हा बहुसंख्यांनी मृतांचे आकडे अनेकदा फुगवलेले असत असं सांगितलं.

याहून खोल अडचण मॅकनमारांच्याच खात्यातल्या विश्लेषकांनी शोधून काढली. चकमकींचा अभ्यास केल्यावर दिसलं की बहुतेक वेळा पहिली गोळी शत्रू झाडतो. लढायचं कधी, कुठे आणि किती वेळ, हे तोच ठरवतो. याचा अर्थ आपली किती माणसं मरू द्यायची, हेही बऱ्याच अंशी त्याच्या हातात. नुकसान फार झालं की तो काही महिने सीमेपलीकडे जाऊन बसे, भरती करून परत येई. पंपाचं बटण पंप चालवणाऱ्याकडे नव्हतंच. अमेरिकेने आणखी दोन लाख सैनिक पाठवले असते तरी हे गणित बदलत नव्हतं, कारण त्यातली मुख्य संख्या समोरच्याच्या मर्जीवर होती.

म्हणून ‘आकड्यांनी मॅकनमारांना फसवलं’ असं जे सर्रास म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. खरगपूरच्या इंधनाचा प्रश्न आकड्यांनीच उघड केला होता. इथलं अपयशही आकड्यांनीच दाखवलं. फरक असा की खरगपूरला खेपांऐवजी साठा मोजण्याचं धाडस कुणीतरी केलं. व्हिएतनाममध्ये मृतांची मोजदाद थांबवा, तिच्यातून काही कळत नाही, असं वरून कुणी म्हणालं नाही.

५. नसलेला रकाना

एडवर्ड लान्सडेल हे व्हिएतनाम जवळून माहीत असलेले अधिकारी. त्यांनी सांगितलेली एक आठवण आहे. मॅकनमारांनी युद्धातल्या मोजण्याजोग्या गोष्टींची यादी त्यांना दाखवली. लान्सडेल म्हणाले, यात एक रकाना राहिला : व्हिएतनामी लोकांना काय वाटतं. तो भरायचा कसा, यावर मात्र दोघांचं जमलं नाही.

तो रकाना काय होता, हे मॅकनमारांना १९९५ मध्ये हनोईत ऐकायला मिळालं. परराष्ट्रमंत्री राहिलेले न्युएन को थाच त्यांच्याशी जेवणाच्या टेबलावर जवळजवळ भांडलेच. तुम्ही इतिहास वाचला नव्हता का, असं त्यांनी विचारलं. व्हिएतनाम हजार वर्षं चीनशी लढत आलाय आणि तुम्ही आम्हाला चीनचं प्यादं समजलात! आम्ही स्वातंत्र्यासाठी लढत होतो, शेवटच्या माणसापर्यंत लढलो असतो. मॅकनमारांच्या दृष्टीने ते युद्ध जगभरच्या शीतयुद्धाचा एक तुकडा होतं. व्हिएतनामींच्या दृष्टीने फ्रेंच गेले आणि त्यांच्या जागी अमेरिकी आले. थाच यांचं म्हणणं पुरेपूर खरं होतं का? चीन आणि रशियाची शस्त्रं त्यांना मिळत होती, आणि दक्षिणेतल्या लाखो लोकांना साम्यवादी राज्य नकोच होतं. पण १९७९ मध्ये चीन आणि व्हिएतनाम एकमेकांशी लढले, आणि ‘चीनचं प्यादं’ हा सिद्धांत तिथेच निकालात निघाला.

शत्रू काय मोजतोय हे न कळता त्याला किती दुखापत केली की तो थांबेल, हे ठरवता येत नाही. क्यूबात ख्रुश्चेव्ह काय मोजत होते, ते थॉम्प्सन यांना ठाऊक होतं. व्हिएतनामच्या बाबतीत परराष्ट्र खात्यातले जॉर्ज बॉल १९६४ पासून लेखी इशारे देत होते, फ्रेंचांचं काय झालं ते सांगत होते. त्यांचं पहिलं मोठं टिपण वाचून मॅकनमारा चिडले होते. विरोधी मत कागदावर आणलं म्हणून चिडले होते.

६. कळलं होतं, मग?

आता या प्रकरणातला सगळ्यात जड भाग.

नोव्हेंबर १९६५ मध्ये इया द्रांगच्या खोऱ्यात अमेरिकी आणि उत्तर व्हिएतनामी सैन्याची पहिली मोठी लढाई झाली. मॅकनमारा तिथे जाऊन आले आणि त्यांनी अध्यक्षांना लेखी कळवलं : आणखी सैन्य लागेल, महिन्याला हजार अमेरिकी मृत्यू होऊ शकतात, आणि एवढं करूनही यशाची हमी नाही. म्हणजे १९६५ च्या अखेरीलाच त्यांना हे दिसत होतं. तोवर मेलेले अमेरिकी सैनिक अडीच हजारांच्या आत होते. युद्ध संपलं तेव्हा ही संख्या ५८ हजारांवर गेली. व्हिएतनामी मृतांचा अंदाज ३० लाखांच्या घरात.

त्याच महिन्यात, २ नोव्हेंबरला, नॉर्मन मॉरिसन या क्वेकर पंथाच्या शांततावाद्याने पेंटागॉन या संरक्षण खात्याच्या मुख्यालयाबाहेर, मॅकनमारांच्या खिडकीखाली स्वतःला पेटवून घेतलं होतं. सोबत त्याची तान्ही मुलगी होती, ती वाचली. मॅकनमारांनी लिहिलंय की यावर ते घरीही बोलू शकले नाहीत.

कार्यालयाच्या आत ते हळूहळू बोलू लागले. १९६७ च्या मे महिन्यात त्यांनी जॉन्सनना सैन्य वाढवू नका असं लिहिलं. जूनमध्ये, आपण इथवर आलो कसे याचा गुप्त अभ्यास करायला सांगितलं. तेच पुढे गाजलेले ७,००० पानांचे ‘पेंटागॉन पेपर्स’. ऑगस्टमध्ये सिनेट समितीपुढे बॉम्बवर्षावाने युद्ध जिंकता येणार नाही असं सांगून त्यांनी सेनाधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. १ नोव्हेंबरला आणखी एक टिपण लिहिलं. त्याला जॉन्सन यांचं उत्तर आलं नाही. महिनाअखेर जाहीर झालं की मॅकनमारा जागतिक बँकेचे अध्यक्ष होणार.

तिथे ते १३ वर्षं होते. त्यांच्या काळात बँकेचं लक्ष खेड्यातल्या गरिबांकडे वळलं, पश्चिम आफ्रिकेत नदीकाठच्या माश्यांमुळे होणाऱ्या अंधत्वाविरुद्ध मोठी मोहीम उभी राहिली. हे काम खरं आहे आणि मोठंही आहे. पण त्या काळात व्हिएतनामवर ते एक शब्द जाहीरपणे बोलले नाहीत. मंत्रिपद सोडल्यापासून पुस्तक येईपर्यंत २७ वर्षं गेली. मंत्री हा अध्यक्षांनी नेमलेला असतो, त्याच्या मागे मतदारांचं बळ नसतं, त्याने बाहेर जाऊन अध्यक्षांविरुद्ध बोलणं घटनेच्या रीतीत बसत नाही, अशी त्यांची भूमिका होती. माहितीपटाच्या शेवटी मॉरिस यांनी विचारलं की पद सोडल्यावर तरी का बोलला नाहीत? त्यांनी उत्तर द्यायचं नाकारलं.

निष्ठेचा हा युक्तिवाद मला मान्य नाही. सात वर्षं ते ज्यांच्या मुलांना युद्धावर पाठवत होते, त्या आईबापांशीही त्यांचं नातं होतंच. पदावर असताना बाहेर बोलू नये, हे एक वेळ समजू शकतं. मार्च १९६८ नंतर, जेव्हा निम्म्याहून जास्त अमेरिकी मृत्यू अजून व्हायचे होते, तेव्हा गप्प बसायला कोणती रीत आड येत होती? बोलण्याने युद्ध थांबलं असतंच असं नाही. पण युद्ध चालवलेल्या माणसाने ‘हे जिंकता येणार नाही’ म्हटलं असतं, तर इतर कुणाच्याही विरोधापेक्षा त्याला वजन असतं.

आणि वेगळं वागणं अशक्य होतं असंही नाही. १९६४ ते १९६७ या काळात मॅकनमारांच्या हाताखाली संरक्षण उपमंत्री असलेले सायरस व्हान्स १९८० मध्ये परराष्ट्रमंत्री होते. तेहरानमध्ये ओलीस ठेवलेल्या अमेरिकी मुत्सद्द्यांना सोडवण्यासाठी अध्यक्ष कार्टर यांनी लष्करी मोहीम ठरवली. व्हान्स यांनी विरोध केला, तो फेटाळला गेला. मोहिमेच्या आधीच त्यांनी राजीनामा लिहून दिला आणि सांगितलं की ती यशस्वी झाली तरी मी जाणार. गुप्तता राखण्यासाठी ते काही दिवस थांबले. २४ एप्रिलला इराणच्या वाळवंटात मोहीम फसली, आठ सैनिक मेले. २८ एप्रिलला व्हान्स यांचा राजीनामा जाहीर झाला.